गाडी कात्रपमध्येच आहे

१

आमची गाडी जागेवर नाही हे बघितल्यावर मला आधी आनंद झाला. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण सुरुवात तिथूनच झाली, म्हणून तिथूनच सांगते.

शनिवार होता. क्लासच्या सरांना ताप आला म्हणून आम्हाला अडीचलाच सोडलं. कात्रपला आमच्या बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, पप्पांची पांढरी मारुती उभी असते. सेकंडहँड, दहा वर्षं जुनी, डाव्या दाराला पोचा. पप्पा अंबरनाथच्या कारखान्यात ट्रेननं जातात, त्यामुळे गाडी निघते ती फक्त रविवारी. त्या शनिवारी तिथे गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता आणि त्याच्या शेजारी, गाडीच्या सावलीची सवय लागलेलं मांजर उन्हातच बसलं होतं.

दुसरी कोणी असती तर घाबरली असती. माझ्या मनात आलं, चला, आता कळेल सगळ्यांना. कारण त्या गाडीत मी निवडलेला, गाडी कुठे आहे ते मेसेजनं कळवणारा डबा होता.

आई घरी नव्हती. ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणते, शिलाईचे लोंबते धागे घरी बसून कापते आणि तयार माल परत नेऊन देते. शनिवारी तिची ती फेरी असते. घराची चावी शेजारच्या बकुळाकाकूंकडे ठेवली होती. मी चावी घेतली, घरातला मोबाइल उचलला, धावत खाली आले आणि डब्याच्या नंबरला मेसेज टाकला. अर्ध्या मिनिटात उत्तर.

'कात्रप ०'.

मी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. गाडी कात्रपमध्येच आहे असं गाडी स्वतः सांगत होती, आणि मी कात्रपमध्येच तिच्या रिकाम्या जागेवर उभी होते.

२

हा डबा घरात कसा आला ते सांगायला हवं.

दोन हजार आठ सालच्या पावसाळ्यात आमच्या बाजूच्या तीन जुन्या गाड्या उचलल्या गेल्या. पप्पांना रात्री दोनदोनदा गॅलरीत जाऊन खाली बघायची सवय लागली. काहीतरी बसवायला हवं होतं. काय, यावर बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला मत होतं.

नाथाकाका पप्पांना म्हणाले, "महेंद्रभाऊ, गियरला लॉक घाला. लोखंड हाय. बोलत नाय, पन सोडत पन नाय."

नाथाकाका आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. शाळेची व्हॅन चालवतात. आसपासची अकरा पोरं त्यांच्या व्हॅनमधून जातात आणि त्या अकरा पोरांवर त्यांचं घर चालतं. पप्पांना गाडी शिकवली त्यांनीच. आमच्या गाडीची दुसरी चावी त्यांच्याकडे असते, कारण पप्पा चाव्या हरवतात.

मी त्यांना म्हटलं, "काका, ते लॉक बैलगाडीला लावा. आता सिमकार्डचा जमाना आहे."

सगळे हसले. त्याच महिन्यात मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. आठवीपर्यंत मी वर्गात उभी राहिले की सगळं विसरायचे. नववीत ढाल मिळाली आणि एकदम असं झालं की मी बोलले की लोक ऐकतात. मग मी थांबलेच नाही.

कॅम्प तीनमध्ये टेकचंदभाईंचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. आम्ही तिघं गेलो. त्यांनी काउंटरवर चार वस्तू मांडल्या. गियरचं लॉक. सायरन, जो ट्रक शेजारून गेला तरी ओरडतो. मग कंपनीची उपग्रहवाली सिस्टीम, नकाशावर गाडी दाखवते, पण तिची किंमत आणि वर्षाची फी ऐकून पप्पा खाली बघायला लागले. आमची गाडी विकली असती तर अशा जेमतेम तीन सिस्टीम आल्या असत्या. आणि चौथा हा काळा डबा, साबणाच्या वडीएवढा. आत सिमकार्ड. मेसेज केला की जवळच्या टॉवरचं नाव कळवतो. त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते, म्हणजे गाडीची वायर तोडली तरी दिवसभर बोलतो.

"हाच," मी म्हटलं.

टेकचंदभाई म्हणाले, "बेबी, एक बात समझ लो. ये डब्बा गाडी नहीं पकडता. डब्बा किधर है, वो बोलता है. बस."

"तेच तर पाहिजे," मी म्हटलं. त्यांनी एकदा पप्पांकडे पाहिलं आणि बिल फाडलं.

डब्याबरोबर सोळा पानांची पुस्तिका होती, इंग्रजीत. पप्पांनी विचारलं, "वाचलीस?" मी म्हटलं, "पाठ आहे." मी त्यातली चित्रं बघितली होती.

दुकानातल्या कारागिरानं ड्रायव्हरच्या सीटखालचं कार्पेट उचलून डबा आत बसवला. आई त्याच्या शेजारी वाकून टॉर्च धरून होती. मी बाहेर उभी राहून पप्पांना तंत्रज्ञान समजावत होते. डबा कुठे आहे हे आम्हा तिघांना आणि दुकानाला, एवढंच ठाऊक राहिलं पाहिजे, असं मी पप्पांकडून कबूल करून घेतलं. नाथाकाकांनाही सांगायचं नाही.

पुढे दोन गोष्टी घडल्या, ज्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

एका रविवारी पप्पांनी मैदानात आईला स्टिअरिंगवर बसवलं. गाडीनं बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. आईचा तो घाबरलेला चेहरा, ते 'अगं बाई', सगळं मी बिल्डिंगच्या कार्यक्रमात नक्कल करून दाखवलं. टाळ्या पडल्या. आईसुद्धा हसली.

आणि एका बुधवारी क्लासच्या सुट्टीत मी मैत्रीण शलाकाच्या मोबाइलवरून सहज डब्याला मेसेज केला, तर उत्तर आलं 'अंबरनाथ १'. संध्याकाळी गाडी जागेवर होती. जेवताना मी सांगितलं, "टॉवर घसरतो कधीकधी, पुस्तिकेत लिहिलंय." पुस्तिकेत तसं काही लिहिलेलं नव्हतं. आई भाकरी वाढता वाढता थांबली होती.

३

तर शनिवारी दुपारी मी टाकीजवळ उभी राहून डोकं चालवलं. गाडी कात्रपमध्ये आहे. बाहेर कुठे दिसत नाही, म्हणजे बंद जागेत आहे. खिडकी फोडल्याच्या काचा नाहीत, म्हणजे चावीनं नेली. दुसरी चावी कोणाकडे? आणि अख्ख्या गल्लीत शटर असलेली पत्र्याची शेड कोणाची?

मी धावत गेले. नाथाकाकांच्या शेडला कुलूप होतं. काका घरी नव्हते.

सोसायटीचे सेक्रेटरी बबनराव पेपर घेऊन खाली आले होते. मी त्यांना सांगितलं. बकुळाकाकू आल्या. त्यांचा राजू पहिलीत आहे, नाथाकाकांच्याच व्हॅननं जातो. अजून दहाबारा जण जमले. मी शेडसमोरच्या ओट्यावर चढले. मला कोणी चढायला सांगितलं नव्हतं.

"शून्य म्हणजे काय गं?" बबनरावांनी मेसेज बघून विचारलं.

"शून्य म्हणजे इंजिन बंद. गाडी उभी करून ठेवलीय," मी म्हटलं. हे मी त्या क्षणी बनवलं.

"मशीन चुकत असेल," बकुळाकाकू म्हणाल्या. "नाथाभाऊ तसे नाहीत गं."

"माणूस खोटं बोलतो, काकू. मशीन बोलत नाही."

साडेतीनला आई शेअर रिक्षातून उतरली. हात रिकामे. शनिवारी ती कधी रिकाम्या हातानं येत नाही, नवा गठ्ठा मांडीवर असतोच. गर्दी बघून ती जागीच थांबली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "प्रीती, खाली उतर. घरी चल, मला बोलायचंय."

"आई, तुला यातलं काही कळत नाही. थांब जरा."

आई थांबली.

चारला नाथाकाका स्टँडकडून चालत आले. कोपरापर्यंत हात काळे. बबनरावांनी किल्ली मागितली. काकांनी काही न विचारता शटर वर केलं. आत त्यांची व्हॅन होती, खिडकीला पोरांनी चिकटवलेले स्टिकर होते, आणि दुसऱ्या गाडीला काय, सायकललाही जागा नव्हती.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण ओट्यावरून उतरायचं कसं, ते मला सुचेना.

"मग कुठे ठेवलीत?" मी विचारलं. "दोन ते चार कुठे होतात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग गर्दीत कुठेतरी. "ते नको इचारू, पोरी."

"का नको? लपवण्यासारखं नसेल तर सांगा ना."

"मी चोर नाय. येवढंच सांगतो."

"अहो, पोरगी साधं विचारतेय," बबनराव म्हणाले. "दोन तास कुठे होता ते सांगून टाका, विषय संपला."

काका फडक्यानं हात पुसत राहिले. हात स्वच्छ होत नव्हते.

बबनरावांनी पेपरची घडी केली. "असं असेल तर सोमवारपासून आमच्या बिल्डिंगची पोरं व्हॅननं जाणार नाहीत. आधी गाडी सापडू दे."

आमच्या बिल्डिंगची सात पोरं. बकुळाकाकूंनी राजूला जवळ ओढलं. आणि नाथाकाका शटर खाली ओढताना एवढंच म्हणाले, "बरं."

४

पप्पा पाचला आले. सगळं ऐकून म्हणाले, "नाथा असं करणार नाही. माझा हात धरून त्यानं मला गाडी शिकवलीय."

"पप्पा, मग त्यांनी सांगितलं का नाही कुठे होते ते?"

पप्पा गॅलरीत जाऊन रिकामी जागा बघून आले. शेवटी ते म्हणाले, "चौकीवर अर्ज द्यावाच लागेल. तुझं अक्षर चांगलंय, तू लिही."

मी हॉलमध्ये टेबलाशी बसले. 'विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की.' संशयिताचं नाव लिहायच्या ओळीपर्यंत आले. आई स्वयंपाकघरात खाली बसून जुन्या गठ्ठ्यातले धागे कापत होती. शेजारी ट्रान्झिस्टर लावलेला, जुनी गाणी चालू.

"अर्ज राहू दे आज," आई आतून म्हणाली. "उद्या बघू."

"चोरीचा अर्ज लगेच द्यायचा असतो, आई."

अर्जात गाडीचं आत्ताचं ठिकाण लिहावं म्हणून मी परत एकदा डब्याला मेसेज केला. आतलं गाणं फाटलं. टर्र, टिक टिक टिक, टर्र. मग सरळ झालं. मोबाइलवर उत्तर आलं, 'कात्रप ०'.

तो आवाज सगळ्यांना माहीत आहे. रेडिओजवळ मोबाइल असला आणि फोन किंवा मेसेज येणार असला की रेडिओ असाच खरखरतो. पण रेडिओ आत होता आणि मोबाइल माझ्या हातात, मध्ये भिंत आणि अख्खा पॅसेज. इतक्या लांबून आमचा रेडिओ कधी खरखरत नाही.

मी पुन्हा मेसेज केला. टर्र, टिक टिक टिक, टर्र.

"पप्पा," मी म्हटलं, आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. "हा मोबाइल घेऊन खाली टाकीपाशी जा. तिथून डब्याला मेसेज करा."

"कशाला?"

"जा ना प्लीज."

पप्पा गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. घरात आता एकही मोबाइल नव्हता. आई मान खाली घालून कात्री चालवत होती. एक धागा, दुसरा धागा.

रेडिओ खरखरला.

५

टेकचंदभाईंनी मला दुकानातच सांगितलं होतं, डबा स्वतः कुठे आहे तेवढंच सांगतो. दिवसभर तो खरंच बोलत होता. तो कात्रपमध्येच होता. आमच्या स्वयंपाकघरात.

मी आईशेजारी बसले आणि गठ्ठ्यातल्या जीन्स एकेक करून चाचपल्या. सहाव्या जीन्सच्या मागच्या खिशात काहीतरी टणक लागलं. काळा डबा. त्यावर लाल दिवा मिचमिचत होता. वायर तोडलेली नव्हती, प्लग नीट ओढून काढलेला होता.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं, आणि जुळताना मला ते थांबवावंसं वाटत होतं. डबा कुठे बसवलाय हे नाथाकाकांना माहीत नव्हतं, तशी काळजी मीच घेतली होती. म्हणजे काढणारा घरातला. पप्पा सकाळपासून कामावर. प्लग कसा बसवलाय हे टॉर्च धरणाऱ्यानं अगदी जवळून पाहिलेलं. बुधवारचा टॉवर घसरला नव्हता, गाडी खरंच अंबरनाथला होती. मी ते जेवताना सांगितलं, म्हणून त्यानंतर गाडी बाहेर काढायच्या आधी डबा काढून घरी ठेवला जायला लागला. आई आज रिकाम्या हातानं आली, कारण ती कॅम्प तीनला गेलीच नव्हती. काकांचे हात इंजिनच्या काळ्या तेलानं माखलेले होते. आणि ते गर्दीत ज्या दिशेला बघत होते, तिथे आई उभी होती.

"आई, गाडी कुठे आहे?"

"अंबरनाथला. मेकॅनिककडे." तिनं कात्री खाली ठेवली. "दोन महिने शिकतेय मी. बुधवारी आणि शनिवारी. एमआयडीसीच्या मागे रस्ता मोकळा असतो. नाथाभाऊंना मीच गळ घातली, कोणाला सांगू नका म्हणून."

"पण का?"

"गठ्ठे स्वतः आणायचे होते. रिक्षावाले गठ्ठ्याचे वेगळ्या सीटचे पैसे लावतात आणि वर बोलतात." तिनं मांडीवरचे धागे झटकले. "आणि लायसन्स हातात आल्यावरच तुला दाखवायचं होतं. त्याआधी नाही. तू चारचौघांत माझी नक्कल केलीस ना, तेव्हाच ठरवलं."

"तू हसली होतीस."

"मग काय रडायला पाहिजे होतं, सगळ्यांसमोर?"

पप्पा दारात येऊन उभे होते. कधीपासून, माहीत नाही.

"आज बंद कशी पडली?" त्यांनी विचारलं.

"बॅटरी उतरली. मेकॅनिक म्हणाला, कसला तरी डबा रात्रंदिवस करंट खात असणार, रिकामी वायर लोंबतेय. आम्ही दोघांनी ढकलत नेली. चार्जिंगला वेळ लागणार म्हणून नाथाभाऊंनी मला पुढे पाठवलं." आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी खाली बोलणार होते. पण एवढ्या लोकांत, बबनरावांसमोर, नाथाभाऊंबरोबर गाडीत होते म्हणायचं, तर लोकांनी त्याचं काय केलं असतं? मला वाटलं, आधी घरात सांगू. तू म्हणालीस थांब. मी थांबले. चुकलंच माझं. तो माणूस माझ्यासाठी गप्प बसला आणि मी पण गप्पच बसले."

मी उठून पुस्तिका आणली. शाळेत इंग्रजीला पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीनं ती पहिल्यांदा वाचली. पान चार: एक म्हणजे गाडीची वायर जोडलेली, शून्य म्हणजे वायर काढलेली. पान सात: गाडी दोन दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर प्लग काढून ठेवावा, नाहीतर बॅटरी उतरते. दोन्ही वाक्यं जाड अक्षरांत होती.

अर्जाचा कागद टेबलावर तसाच होता. संशयिताच्या नावात माझा 'ना' लिहून झाला होता.

६

मी लगेच नाथाकाकांकडे निघाले. पप्पांनी अडवलं. "घरात जाऊन हळूच माफी मागणार? चोर ठरवलंस ते ओट्यावर उभी राहून."

"पण खरं सांगितलं तर आईचं नाव..."

"माझं नाव मी बघेन," आई म्हणाली.

रविवारी सकाळी पप्पा आणि आई अंबरनाथला गेले. नाथाकाका तिथेच भेटले. दहाच्या सुमारास मारुती गल्लीत शिरली. स्टिअरिंगवर आई. शेजारी नाथाकाका. मागे पप्पा, गुडघे छातीशी. टाकीजवळ वळताना गाडी एकदा आचका देऊन बंद पडली. गॅलरीत बायका होत्या, खाली बबनराव होते, कोणीतरी फिसकन हसलं. आईनं चावी फिरवली, पुन्हा सुरू केली आणि जागेवर लावली. उतरून ती बबनरावांना म्हणाली, "काल दुपारी नाथाभाऊ मला गाडी शिकवत होते. गाडी बंद पडली म्हणून मेकॅनिककडे ठेवली. अजून काही विचारायचंय?"

बबनराव म्हणाले, "नाही नाही, वहिनी, आम्ही आपलं..." आणि पेपर उघडला.

मी ओट्यावर चढले. काल सहज चढले होते, आज तो उंच वाटला. वक्तृत्वात आम्हाला शिकवतात की शेवटच्या रांगेकडे बघून बोलायचं. मी नाथाकाकांच्या पायांकडे बघून बोलले. "माझं चुकलं. शून्याचा अर्थ मला माहीत नव्हता, तो मी बनवला. काकांनी काही केलेलं नाही. मी त्यांना चोर ठरवलं. मला माफ करा." एवढंच आलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नाथाकाका म्हणाले, "उतर खाली, पोरी. ऊन हाय."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत.

सोमवारी सातपैकी सहा पोरं व्हॅनमध्ये बसली. राजू आला नाही. मी बकुळाकाकूंकडे गेले. त्या राजूच्या बुटाची नाडी बांधत होत्या.

"काकू, मी काल सगळ्यांसमोर सांगितलं ना."

"ऐकलं गं मी. नाथाभाऊ चांगलेच आहेत." नाडीची गाठ सोडून त्यांनी परत बांधली. "पण एकदा मनात आलं की आलं. लहान आहे ना हा. रिक्षानं जाऊ दे थोडे दिवस."

मी खाली आले. व्हॅनमध्ये खिडकीजवळची एक जागा मोकळी होती. माझी शाळा चालत दहा मिनिटांवर आहे आणि नववीतली मुलगी बालवाडीच्या पोरांत बसली तर वर्ग मला महिनाभर सोडणार नाही. तरी मी दार सरकवलं. गॅलरीतून सगळ्यांना दिसावं म्हणून खिडकीशी बसले. पोरं माझ्याकडे टकमका बघायला लागली.

नाथाकाकांनी आरशातून पाहिलं. "तू कशाला बसलीस?"

"जागा मोकळी होती, काका."

"मोकळी नाय. राजूची हाय." त्यांनी इंजिन बंद केलं आणि मी उतरेपर्यंत वाट पाहिली. मग आणखी दोन मिनिटं, जिन्याच्या दाराकडे बघत.

राजूची रिक्षा आमच्या शेजारून निघून गेली. तेव्हा काकांनी व्हॅन सुरू केली, आणि मी दप्तर घेऊन तिच्या मागून चालायला लागले.